बाळ, डबे आणि सकाळची लोकल: आईने झोप आणायची कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत राहणारी ३४ वर्षांची आई, ऑफिस मुंबईत. मोठी मुलगी दुसरीत, धाकटा ११ महिन्यांचा, अजून अंगावर पितो आणि रात्री तीनदा तरी उठतो. पहाटे पावणेपाचला पाणी येतं म्हणून उठायचं, मग डबे, मग सातनंतरची लोकल. घरी यायला आठ. सगळं आवरून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा आणि त्यानंतर तासभर मोबाईल. रविवारी नऊपर्यंत झोपलं तरी डोकं जडच. घरात सासूबाई आहेत, नवरा समजूतदार आहे. आणि विचारलंय की झोप शांत लागावी म्हणून एखादी हलकी गोळी, टॉनिक किंवा योगनिद्रा, काय चालू करू.

ताई, गोळीचं आधी सांगते, नको. माझ्या दवाखान्यात तुमच्यासारख्या आया रोज येतात आणि मी प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच विचारते की उशीला डोकं टेकल्यावर झोप लागायला किती वेळ लागतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मोबाईल हातातून गळून पडतो. म्हणजे झोप न येण्याचा आजार तुम्हाला नाहीये, तुम्हाला झोपायला तासच मिळत नाहीयेत. साडेबारा ते पावणेपाच म्हणजे सव्वाचार तास, त्यात बाळासाठी तीनदा उठणं, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं धरली तरी हातात उरतात सव्वातीन तास आणि तेही तुकड्यातुकड्यांत. मोठ्या माणसाला ७ तास तरी लागतात. जो वेळच नाही तो गोळीने कुठून येणार, उलट गोळी घेतली तर बाळ रडल्याचं कळणार नाही, सकाळी गुंगी राहील आणि अंगावर पाजताय म्हणजे औषध थोडंफार दुधातून बाळाकडे जाईल ते वेगळंच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या शेजारणीने दिल्या म्हणून किंवा घरात कुणाच्या तरी पडल्या होत्या म्हणून घेणाऱ्या बायका मी बघते तेव्हा मला खरंच काळजी वाटते, कारण याची सवय लागते आणि सोडताना फार त्रास होतो. ॲलर्जीची गोळी झोपेसाठी घेणं हेही नको.

आता दुसरी गोष्ट, जी घरच्यांना सगळ्यात कमी कळते. झोप किती तास झाली याच्याइतकंच ती सलग किती झाली हे महत्त्वाचं आहे. आपली झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये होते, गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या काही तासांत येतो आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. मध्येच उठवलं की परत हळूहळू खोल उतरावं लागतं. तेल अवीव युनिव्हर्सिटीच्या अवी सादेह यांच्या टीमने २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात निरोगी तरुणांच्या एका गटाला एका रात्री फक्त ४ तास झोपू दिलं आणि दुसऱ्या गटाला ८ तास, पण त्या ८ तासांत चार वेळा फोन करून उठवलं आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटं काम करायला लावलं. सकाळी मूड आणि लक्ष दोन्ही तपासलं तर दोन्ही गटांचं नुकसान जवळपास सारखं निघालं. आणि हे एका रात्रीचं, तुमचं वर्ष होत आलंय. त्यामुळे "अगं तू दहाला तर झोपलीस की" असं कुणी म्हणालं की त्यांना हे नक्की सांगा. विसरायला होणं, मुलीवर उगाच ओरडणं, गोड खावंसं वाटणं, हा तुमच्या स्वभावाचा दोष नाहीये, झोप तुटली की कुणाचंही हेच होतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. तुम्हाला रोज रात्री निदान चार-साडेचार तास सलग मिळाले पाहिजेत, आणि ते तुम्ही एकटीने कितीही नीट नियोजन करून मिळणार नाहीत, घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या वेळेची राखण केली तरच मिळतील. बाकी लव्हेंडरचं तेल, कोमट दूध, जायफळ, योगनिद्रा हे सगळं त्याच्या नंतर. योगनिद्रेला माझा अजिबात विरोध नाही, दुपारी वीस मिनिटं केली तर बरंच वाटतं, पण ती रात्रीच्या झोपेच्या जागी चालत नाही.

प्रत्यक्षात कसं करायचं ते तुमच्याच घराचं वेळापत्रक घेऊन सांगते. आठला घरी आलात, पावणेनऊपर्यंत जेवणं. साडेनऊला बाळाला पोटभर पाजायचं आणि पावणेदहाला तुम्ही आडवं व्हायचं. तिथून रात्री दोनपर्यंत बाळ नवऱ्याचं. ओटा पुसणं, दही लावणं, मुलीचं दप्तर आणि युनिफॉर्म काढून ठेवणं हे सगळं पावणेदहानंतर तोच करेल आणि मग बाळाशेजारी झोपेल. दोननंतर बाळ उठलं तर तुमच्याकडे, तेव्हा पाजा. साडेपाचला उठलात तर सव्वाचार तास सलग आणि नंतरचे तीन-साडेतीन, मिळून सात तासांच्या वर जातं, आणि नवऱ्यालाही अकरा ते सहामध्ये एखाददुसऱ्या वेळी उठावं लागलं तरी त्याची झोप बऱ्यापैकी होते. वन बीएचके असेल तर बाळ आणि बाबा बेडरूममध्ये आणि तुम्ही हॉलमध्ये गादी घालून झोपा, उलटं नको, कारण बाळाची जागा बदलली की ते जास्त उठतं. दार लोटून घ्या, पंखा लावा, हवं तर कानात इअरप्लग घाला. पहिले दोन-तीन दिवस बाळ कण्हलं तरी तुमचे डोळे उघडतील, आईचा कान तसाच झालेला असतो, पण उठून जायचं नाही, कारण तुम्ही गेलात की नवरा उद्यापासून तुमचीच वाट बघेल आणि बाळही तुमचीच वाट बघेल. बाळ रडत असेल तर बाबा आहे ना जवळ, ते एकटं नाहीये. दोन-तीन रात्री गोंधळ होईल, आठवड्याभरात बहुतेक घरांत बसतं. बाळाजवळ झोपणाऱ्याने मात्र दारू घेतलेली नसावी, गुंगीचं औषध घेतलेलं नसावं, बाळाला पाठीवर झोपवावं, आजूबाजूला जाड गोधडी आणि उशा नकोत आणि सोफ्यावर बाळाला घेऊन तर कधीच झोपू नये.

"पण त्याला दूध लागतं ना रात्री?" हा पुढचा प्रश्न असणारच. ११ महिन्यांचं बाळ, वजन नीट वाढतंय, दिवसा वरण-भात, खिमट, फळं, अंडं असं तीन वेळा खातंय, तर रात्री दहा ते दोन त्याला भूक लागलेली असतेच असं नाही, बऱ्याचदा ते जागं होतं आणि झोपायची एकच पद्धत त्याला माहिती असते, ती म्हणजे अंगावर. बाबाने थोपटलं, खांद्यावर घेतलं, दोन घोट पाणी दिलं की बरीच बाळं परत झोपतात. नाहीच थांबलं तर तुम्ही संध्याकाळी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यावं. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला ४ तासांपर्यंत चालतं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढा भरवसा नको, सरळ फ्रीजमध्ये आत ठेवा (दारातल्या कप्प्यात नको) आणि देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको. गाईचं दूध मुख्य दूध म्हणून वर्षानंतर. पहिल्या आठवड्यात तुम्हाला छाती भरून आल्यासारखी वाटेल, दुखेल, तेव्हा थोडं हाताने काढून टाका, पूर्ण रिकामी करू नका म्हणजे हळूहळू तेवढंच तयार होईल. लाल गाठ, ताप असं झालं तर लगेच दाखवा. आणि कुणी म्हणालं की रात्रीचं पाजणं पूर्ण बंद कर तरच झोपेल, तर तशी घाई करायची गरज नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजलेलं चांगलंच, मी फक्त सुरुवातीचे चार तास मागतेय. बाळ चार-पाच महिन्यांच्या आतलं असेल तर मात्र हे सगळं असंच लागू होत नाही, त्याला रात्री भूक लागतेच, तिथे बाळ आणून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं हे दुसऱ्याने करायचं आणि आईने फक्त पाजायचं.

आता पहाट. पावणेपाच ही वेळ फक्त पाण्यामुळे आहे असं तुम्ही लिहिलंय. मग ते काम सासूबाईंना द्या. वय वाढलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, साठी-सत्तरीतली माणसं चार-साडेचारला आपोआप जागी होतात आणि नुसती पडून राहतात. त्यांना बादल्या उचलायला लावू नका, गुडघे आहेत, कंबर आहे, पण नळ सोडणं, पिंप भरलं की बंद करणं एवढं त्या आनंदाने करतील, फक्त ते त्यांना नीट बसून, मानाने सांगितलं पाहिजे. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय झोप झाली नाही तर बाळाच्या दुधावर परिणाम होईल" असं माझं नाव पुढे करून सांगा, मला चालेल. ते खोटं नाहीये, अतिथकव्याचा दूध उतरण्यावर परिणाम होतो. डब्याचं म्हणाल तर दोन भाज्या, पोळ्या, वर मुलीच्या छोट्या सुट्टीचं वेगळं, हे रोज एका बाईने पहाटे एकटीने करायचं असा काही नियम नाही. कणीक रात्री नवरा मळून फ्रीजमध्ये ठेवू शकतो, भाजी एकच, छोट्या सुट्टीला फळ किंवा चिक्की. पोळ्यांना बाई परवडत असेल तर बिनदिक्कत लावा, तो खर्च औषधासारखाच समजा.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, कारण हा घराघरातला हिशोब आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात निघालं होतं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. हा दोनशे मिनिटांचा फरक कुठून तरी निघतो आणि नोकरी करणाऱ्या आईच्या बाबतीत तो झोपेतून निघतो, कारण ऑफिस कमी होत नाही आणि लोकल थांबत नाही.

मोबाईलबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही. दिवसभरात तो एकच तास तुमचा स्वतःचा असतो, कुणी हाक मारत नाही, म्हणून तो सोडवत नाही, हे मला कळतं. तो तास काढून टाका असं नाही म्हणत, तो जागेवरून हलवा. जाताना लोकलमध्ये वीस मिनिटं तुमची मालिका बघा, रविवारी संध्याकाळी तासभर घराबाहेर एकटी जाऊन या, मैत्रिणीकडे बसा, आणि तेवढा वेळ मुलं नवऱ्याकडे. असं काहीतरी स्वतःचं मिळायला लागलं की रात्रीचा मोबाईल सुटतो, नुसतं ठरवून नाही सुटत. रात्री दोनला पाजताना मात्र फोन हातात घेऊच नका, मंद पिवळा दिवा ठेवा, नाहीतर बाळ झोपतं आणि आई तीनपर्यंत रील्स बघत जागी राहते.

लोकलमधल्या डुलकीचं विचारलंय, ती धरायची का? सतर्कतेसाठी धरायची. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी कामाला येते, बसायला जागा मिळाली तर सकाळच्या गाडीत डोळे मिटा, ग्रुपमधल्या बायकांना सांगून ठेवा उठवायला. संध्याकाळी सातच्या गाडीत मात्र झोपू नका, त्याने दहाची झोप लांबते. चहा चारनंतर नको. कॅफीनचा परिणाम निम्म्यावर यायला पाच-सहा तास लागतात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे ऑफिसमधून निघतानाचा तो सहाचा कटिंग रात्री बारालाही अंगात असतो. रविवारी नऊपर्यंत झोपण्याऐवजी शनिवारी रात्री दहालाच झोपा, सकाळी फार तर तासभर उशिरा उठा आणि दुपारी जेवणानंतर पडा. नऊला उठलं की शरीराचं घड्याळ मागे जातं, रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार पुन्हा तसाच.

आता तपासण्या, कारण सात तास मिळूनही थकवा राहिला तर तो झोपेचा नसू शकतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी १२ एवढं करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे दोघींतली एक. आणि फेरिटिन मुद्दाम सांगतेय, कारण हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो. त्याची एक खूण बायका स्वतःहून कधी सांगत नाहीत, विचारलं की सांगतात: रात्री अंथरुणावर पडलं की पायात कसंतरी होतं, वळवळतं, पाय सारखे हलवावेसे वाटतात, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, काहीजणी तर मुलांना पायांवर उभं करून तुडवून घेतात. सगळ्या जणी याला दमणूक समजतात. हा रेस्टलेस लेग्ज नावाचा त्रास असतो, याने झोप लागतही नाही आणि टिकतही नाही, आणि फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन पुष्कळ जणींना आराम पडतो. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आधी-नंतर दोन तास चहा नको. शी काळी होते, घाबरू नका. पोटाला त्रास झाला तर एक दिवसाआड घ्या असं आम्ही सांगतो, तशीही ती चांगली शोषली जाते.

थायरॉइड बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात बिघडू शकतो, आधी नॉर्मल होता म्हणून सोडू नका. आणि घोरणं. बायका घोरतात हे घरात कुणी बोलत नाही, पण वजन वाढलं असेल, सकाळी डोकं दुखत असेल, तोंडाला कोरड पडत असेल तर नवऱ्याला विचारा की झोपेत माझा श्वास मध्ये अडकतो का. तो हो म्हणाला तर झोपेची तपासणी करून घ्या, त्यावर उपचार आहेत.

एक गोष्ट फार लक्ष देऊन वाचा. बाळ झोपलंय, दुसरं कुणीतरी सांभाळायला आहे, तुम्ही मेलेल्यासारख्या दमलेल्या आहात आणि तरीही डोळ्याला डोळा लागत नाही, असं दोन आठवडे रोज होत असेल, सोबत रडू येणं, कशातच मन न लागणं, मी चांगली आई नाही असं सतत वाटणं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते पहिल्या महिन्यातच होतं असं नाही, वर्षभरात कधीही होतं. तिथे घरच्यांनी "सगळ्यांचीच मुलं होतात" असं म्हणून वेळ घालवू नये. टेली-मानस १४४१६ हा सरकारी मोफत नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला तर थांबायचं नाही, त्याच क्षणी घरातल्या माणसाला सांगायचं आणि हॉस्पिटलला जायचं. हा आजार बरा होतो, अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत.

आणि पुढे कधी असं झालं की वेळ आहे, मन बरं आहे, पण झोपेची सवयच मोडलीय (वर्षभर तुटक झोपल्यावर हे होतं), तर अंथरुणात तळमळत घड्याळ बघत बसू नका. साधारण वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा, मंद उजेडात घड्या घाला, काहीतरी साधं वाचा, पेंग आली की परत या. उठायची वेळ रोज एकच ठेवा, झोप कितीही झाली असली तरी. याच धर्तीवर सीबीटी-आय म्हणून झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारे पद्धतशीर उपचार आहेत आणि दीर्घकाळच्या निद्रानाशात गोळ्यांच्या आधी तेच करायचे असतात, जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे चौकशी करा.

मुलीला शाळेत स्कूटीवरून सोडता असंही लिहिलंय. ज्या दिवशी रात्र अगदीच वाईट गेली असेल त्या दिवशी स्कूटी काढू नका, रिक्षा करा. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात आणि डोळे थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखे मंद होतात, आणि डोळे उघडे असूनही दोन-तीन सेकंद डोकं झोपून जातं, ते आपल्याला कळतही नाही.

रात्री दोनपर्यंत बाळ नवऱ्याकडे, हा बदल या शनिवारपासून चालू करा म्हणजे पहिल्या रात्रीनंतर ऑफिस नसेल. एका वहीत रोज फक्त तीन गोष्टी लिहा, कधी झोपले, कितीदा उठले, कधी उठले. रक्ताच्या तपासण्या या आठवड्यातच देऊन टाका, रिपोर्ट आणि दोन आठवड्यांची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि जमलं तर नवऱ्यालाही सोबत न्या.